मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी इंग्रजी वाक्यातली चूक कशी पकडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिक्षण मराठी माध्यमातून, राहता ऐरोलीला, एसएससी सीजीएलची (केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठी पदवीधरांची परीक्षा) तयारी चालू आहे. व्याकरणाचे नियम पाठ आहेत, पण पेपरात ‘स्पॉट द एरर’ आलं की चुकीचं वाक्यही बरोबरच वाटतं. काय करावं?

मी कळव्यात स्पर्धा परीक्षांच्या मुलांचं इंग्रजी घेतो, त्यामुळे ही तक्रार रोजच कानावर येते. तुमचे नियम कमी पडत नाहीयेत. तुम्ही वाक्य वाचून कानाला कसं लागतं त्यावर निकाल देताय आणि तो कान मराठी आहे. जी रचना मराठीत शुद्ध, ती इंग्रजीत चुकली तरी त्याला खटकत नाही. म्हणून नियमांचं जाडं पुस्तक जरा बाजूला ठेवा आणि मराठी आपल्याला कुठे कुठे फसवते ते आधी बघा.

जरी-तरी घ्या. ‘जरी पाऊस होता तरी लोकल वेळेवर आली’ हे आपलं वाक्य. त्यामुळे ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द लोकल केम ऑन टाइम’ यात काही वावगं वाटत नाही. इंग्रजीत ऑल्दो ठेवा नाहीतर बट ठेवा, दोन्ही एकत्र नाही. (ऑल्दोबरोबर येट मात्र चालतं, तिथे उगाच चूक दाखवू नका.) तसंच ‘गाडी येत नाही तोपर्यंत थांब’. आपल्याला तो ‘नाही’ हवाच असतो, म्हणून ‘वेट अन्टिल द ट्रेन डज नॉट कम’ सहज सुटून जातं. तिथे ‘अन्टिल द ट्रेन कम्स’ एवढंच हवं.

‘पासून’ तर सगळ्यांनाच पाडतं. पाच वर्षांपासून, 2019 पासून, आपल्याला दोन्हीकडे एकच प्रत्यय पुरतो. इंग्रजीत कालावधी असेल तर फॉर आणि सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स. ‘आय ॲम लिव्हिंग इन ऐरोली सिन्स फाइव्ह इयर्स’ यात तर दोन चुका आहेत, कारण क्रियापदही ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवं. पेपरात अशी चूक एका वाक्यात एकच ठेवतात, हे तुमच्या फायद्याचं.

याच्या उलट सापळा भूतकाळाचा. ‘द फर्स्ट पॅसेंजर ट्रेन हॅज रीच्ड ठाणे ऑन 16 एप्रिल 1853’. इतिहास बरोबर, व्याकरण चूक. तारीख, वर्ष, यस्टरडे, अगो असं काही दिसलं की हॅज-हॅव कापा आणि साधा भूतकाळ ठेवा: रीच्ड.

बाकीचे भराभर सांगतो. ‘विषयावर चर्चा’ म्हणायची सवय असल्याने आपण डिस्कस अबाउट लिहितो, पण अबाउट नको. ‘पेक्षा’ डोक्यात असल्याने प्रिफरपुढे दॅन येतं, तिथे टू हवं. सीनियर, ज्युनिअर, सुपीरियर यांनाही टू. इन्फर्मेशन, फर्निचर, ॲडव्हाइस, लगेज यांना एस लागत नाही. ‘टेल मी व्हेअर डज ही लिव्ह’ यातला प्रश्न वाक्याच्या आत गेलाय, म्हणून ‘व्हेअर ही लिव्ह्ज’.

कर्ता-क्रियापदाच्या जुळणीला मात्र वेळ द्या, कारण इथे प्रश्न हमखास येतात. वाक्य पहिल्यापासून वाचूच नका. आधी क्रियापद शोधा आणि ते कोणाचं आहे ते विचारा. ‘द कंडिशन ऑफ द रोड्स नियर द स्टेशन आर बॅड’. आरच्या आधी रोड्सचा आवाज घुमत असतो, म्हणून ते जुळलेलं वाटतं. ऑफपासून स्टेशनपर्यंतचा भाग बोटाने झाका, कंडिशन एकवचनी दिसेल, म्हणजे इज. विथ, अलाँग विथ, ॲज वेल ॲज यांनी सुरू होणारे तुकडेही असेच झाका. ‘वन ऑफ माय’च्या पुढे नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी.

आर्टिकल (अ, ॲन, द) मराठीत नाहीत, त्यामुळे तिथे कान मुकाच असतो. अ की ॲन एवढ्यापुरती आपली देवनागरीच मदतीला येते. पुढचा शब्द मनात देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. अवर, ऑनेस्ट, एमएलए यांच्या आधी ॲन. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे यांच्या आधी अ. इंग्रजी स्पेलिंगकडे बघितलंत की फसलात. इंग्रजी माध्यमवाल्यांपेक्षा हे आपल्याला सोपं जातं, असं माझं मत.

सरावासाठी एक वही करा. चुकलेल्या प्रत्येक वाक्यापुढे नियम लिहू नका, ती चूक मराठीतल्या कशामुळे झाली तेवढं लिहा: ‘जरी-तरी’, ‘पासून’, ‘पेक्षा’, ‘जवळचं नाम’. ऐरोलीहून ठाण्याला येताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत तेवढं चाळून होतं. आठवड्याने मोजा, कोणता शेरा सगळ्यात जास्त वेळा आलाय. पुढचा आठवडा फक्त त्यावरच.

‘नो एरर’चा पर्याय असेल तर तो घाबरून टाळू नका आणि कंटाळून निवडूही नका. क्रियापद, काळ, शब्दयोगी, आर्टिकल या क्रमाने एकदा फिरा, काही सापडलं नाही तर तो निवडून पुढे जा. वाक्य आणखी सुंदर करता येईल, ही चूक नसते. आणि दोन पर्यायांत अडलात तर प्रश्न सोडू नका. टियर 1 मध्ये, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, बरोबरला 2 गुण आणि चुकीला अर्धा वजा, टियर 2 च्या इंग्रजीत 3 गुण आणि चुकीला 1 वजा. दोन्हीकडे हिशेब तुमच्याच बाजूने आहे.