जपानी प्राडो, बारा लाख आणि चेसिसचा गंज

अंबाजोगाईच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ४१, स्वतःचे कृषी सेवा केंद्र, राहते घर स्वतःचे, डोक्यावर कर्ज नाही. घरखर्च महिन्याला ५० हजार असून तो व दुकानाची देणी भागवून सरासरी ३० हजार शिल्लक राहतात. मुलगी लातूरला अकरावीत, मुलगा सहावीत. बँकेत एकूण १४ लाखांच्या मुदत ठेवी आहेत. मुंबईतील एक गृहस्थ १९९९ मध्ये तयार झालेली, मूळ जपानच्या देशांतर्गत बाजारात विकली गेलेली आणि २००१ मध्ये भारतात नोंदलेली टोयोटा लँड क्रूझर प्राडो ही डिझेल गाडी त्यांना १२ लाखांना देत आहेत. ९ लाख ठेवी मोडून आणि ३ लाख सोनेतारणातून उभे करावेत, असा त्यांचा विचार आहे. त्यांचे दोन प्रश्न आहेत : हा व्यवहार करावा का, आणि गंजाची जी भीती लोक घालतात ती कितपत खरी?

महोदय, सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी सांगतो, कारणे मागून. बारा लाखांना आणि सोने गहाण ठेवून ही गाडी आपण घेऊ नये. आपण दोन प्रश्न वेगवेगळे विचारले असले तरी माझ्या दृष्टीने तो एकच प्रश्न आहे. पंचवीस वर्षे जुन्या गाडीचे इंजिन बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, आसने नवी शिवून घेता येतात. परंतु या सर्वांना उचलून धरणारी चेसिस आतून खाल्ली गेली असेल, तर आपण मोजलेल्या रकमेपैकी परत मिळण्याजोगे फारसे काही उरत नाही. बँका इतक्या जुन्या वाहनाला सहसा कर्ज देत नाहीत, याचे कारणही बहुधा हेच असावे, आणि आपल्याला सोन्याकडे वळावे लागते आहे तेही त्यामुळेच.

आता गंजाविषयी. जपानचा उत्तर भाग, म्हणजे होक्काइदो, तोहोकू आणि जपान समुद्राच्या बाजूचा निगाता, हा जबर बर्फवृष्टीचा प्रदेश आहे. तेथे हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून कॅल्शियम क्लोराइड आणि मीठ टाकले जाते. १९९० च्या कायद्याने खिळे बसवलेल्या टायरांवर बंधने आली आणि या क्षारांवरची भिस्त वाढली. क्षाराचे पाणी चाकांनी उडवून चेसिसच्या पोकळीत जाते, वाळते आणि तेथेच बसते. कॅल्शियम क्लोराइडचा गुण असा की ते हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेते. त्यामुळे होक्काइदोतल्या सप्पोरो शहरात आत गेलेला क्षार धुतला गेला नसेल, तर तो आपल्या श्रावणातही जागा होतो. मराठवाड्याची हवा कोरडी असल्याने येथे गाडी गंजत नाही, हा युक्तिवाद येथेच वाढलेल्या गाडीला बऱ्याच अंशी लागू पडतो. बर्फातून निघून पुढे पंचवीस वर्षे मुंबईच्या खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीला तो लावता येत नाही. शिवाय आपली काळी माती आहेच. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या मडगार्डच्या आत जो चिखलाचा थर बसतो, तो वरून वाळलेला दिसला तरी पत्र्याकडच्या बाजूने कित्येक दिवस ओला राहतो.

सगळ्याच जपानी गाड्या गंजलेल्या असतात, असे मात्र समजू नये. टोकियो, नागोया, ओसाका या भागांत वापरलेल्या गाड्या खालून पुष्कळदा स्वच्छ निघतात. जपानमध्ये नव्या मोटारीची सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते, त्यामुळे ब्रेक आणि स्टिअरिंगची हेळसांड तेथे कमी असते. म्हणून गाडी जपानमध्ये कोणत्या भागात नोंदलेली होती, हे पाहणे अगत्याचे आहे. निर्यातीच्या वेळच्या नोंदणीरद्द प्रमाणपत्रावरून त्याचा माग काढता येतो. विक्रेत्याने आपल्याला जपानमधील लिलावाच्या तपासणीपत्रकाचे, म्हणजे ऑक्शन शीटचे, छायाचित्रही पाठविले आहे. त्यात गाडीच्या एकूण अवस्थेची ३.५ ही श्रेणी ठळक दिसते आणि तेवढ्यावर आपले समाधान झालेले दिसते. त्याच कागदावर गाडीची जी रेखाकृती आहे, तिच्या मागच्या चाकाजवळ इंग्रजी एस हे अक्षर आणि पुढे २ असा आकडा लिहिला आहे. हा एस ‘साबी’ या जपानी शब्दावरून आला असून त्याचा अर्थ गंज असा आहे; सी हे अक्षर असते, तेव्हा पत्रा त्याहून खोल खाल्ला गेलेला असतो. खालच्या चौकटीतील हस्ताक्षरातला जपानी शेरा कोणाकडून तरी वाचून घ्यावा. ‘शितामावारी साबी’ असे शब्द असतील, तर गाडीच्या खालच्या बाजूस त्या वेळीच गंज होता, असा त्याचा अर्थ होतो. आणि ती वेळ पंचवीस वर्षांपूर्वीची आहे.

आपण पाठविलेल्या सात छायाचित्रांपैकी तीन खालच्या बाजूची आहेत. ती मी मोठी करून पाहिली. सगळीकडे तुकतुकीत काळे अंडरकोटिंग, म्हणजे गंज लागू नये म्हणून खालून देतात तो लेप, आहे. चेसिसवर आहे, तसेच रबरी बुशांवर, ब्रेकच्या नळीवर आणि नटांच्या आट्यांवरही आहे. गंज खरवडून, पत्रा कोरडा करून, प्रायमर देऊन केलेले काम असे दिसत नाही. हा लेप विक्रीपूर्वी एका दुपारी फवारलेला वाटतो. ओल्या गंजावर असा जाड लेप बसला की पाणी आत कोंडले जाते आणि पत्रा झाकणाखाली शिजत राहतो. माझ्या वडिलांनी एकदा कोकणातून एक जुनी जीप अशीच काळीभोर करून दिलेली आणली होती. पहिल्या उन्हाळ्यात लेपाची खपली निघाली आणि दुसऱ्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसू लागला. आज हसू येते, त्या वर्षी घरात कोणी हसले नव्हते.

प्राडोची चेसिस शिडीसारखी असते : दोन लांब पोकळ दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. पोकळ दांडा आतून बाहेर गंजतो, म्हणून बाहेरचा रंग काहीच सांगत नाही. मागच्या ॲक्सलवर चेसिस जेथे कमानीसारखी वर जाते ती जागा, मागच्या कॉइल स्प्रिंगच्या वाट्या, मागील आडवा दांडा आणि बॉडी जेथे चेसिसवर बसते ते बूड, येथे पाहावे. लहान हातोडीने ठोकत जावे. निरोगी दांडा ठणठणीत वाजतो, आतून सुटलेला बद्द आवाज देतो. मोबाइलला जोडायचा बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीवरचा कॅमेरा, चेसिसच्या भोकांतून आत घातला की पोपडे स्पष्ट दिसतात. हे काम रॅम्पवर, दिवसाउजेडी, आणि विक्रेत्याने न सुचविलेल्या मेकॅनिककडून व्हावे.

पुढच्या उजव्या चाकामागे चेसिसच्या दांड्यावर नंबर ठोकलेला असतो. जपानच्या देशांतर्गत गाडीला सतरा अंकी नंबर नसतो. आपल्या गाडीचा नंबर केझेडजे ९५ अशा अक्षरांनी सुरू होऊन पुढे आकडे असावेत. त्यावर चिकटपट्टी लावून पेन्सिल फिरवून जी चेसिस प्रिंट काढतात, ती आपण स्वतः उभे राहून काढून घ्यावी आणि आरसी बुकाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावी. ही जागा गंजून आकडे पुसट झाले असतील किंवा तेथे वेल्डिंग झाले असेल, तर आरटीओत पासिंगच्या वेळी प्रश्न लोखंडाचा न राहता गाडीच्या ओळखीचा होतो.

ओळखीवरून कागदांकडे येतो. जुनी मोटार भारतात आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली, उजव्या स्टिअरिंगची असावी लागते आणि मुंबई बंदरातूनच उतरावी लागते. सीमाशुल्काचा बोजाही गाडीच्या किमतीच्या सव्वापटीच्या वर जातो. आपली गाडी १९९९ ची आणि नोंदणी २००१ ची आहे, म्हणजे वर्षे तरी जुळतात. तरीही शुल्क भरल्याचे बिल ऑफ एन्ट्री हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये. सप्टेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क विभागाने केरळात ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवून भूतानमार्गे बेकायदा आणल्याच्या संशयावरून अनेक जुन्या महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या, त्यांत लँड क्रूझरही होत्या. चोरवाटेने आलेली गाडी पुढे कितीही हातांतून गेली, तरी जप्तीची टांगती तलवार शेवटच्या मालकावर राहते.

आता हिशोब. २००१ ची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होत आली असेल, तर पुढचे नूतनीकरण २०२६ मध्ये येते. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वीस वर्षांहून जुन्या आयात चारचाकीसाठी ते शुल्क ८० हजार रुपये आहे, आणि पर्यावरण कर त्याहून वेगळा. गंजाची नीट प्रक्रिया, म्हणजे जुना लेप काढणे, प्रायमर आणि पोकळीत मेण सोडणे, यासाठी मी ४० हजार धरतो. टायर, ब्रेकच्या नळ्या व बुश यांसाठी ६० हजार. विमा आणि मालकीहस्तांतरणासाठी २० हजार. एकूण दोन लाख झाले. बारा आणि दोन मिळून चौदा. आपल्या सगळ्या ठेवीही चौदाच लाखांच्या आहेत, हे आपल्या ध्यानात आले नसावे, कारण सोनेतारणाने तो आकडा दोन ठिकाणी विभागला गेला. शिवाय ९ लाखांवर सात टक्क्यांप्रमाणे ६३ हजारांचे व्याज बुडते आणि ३ लाखांच्या कर्जावर दहा टक्के धरले तर ३० हजार भरावे लागतात. किल्ली फिरविण्यापूर्वीच वर्षाला ९३ हजार गेले. गाडी लिटरला नऊ किलोमीटर चालली, तर दहा हजार किलोमीटरसाठी आजच्या भावाने लाखभराचे डिझेल लागेल. आणि नूतनीकरणाच्या तपासणीत चेसिस नापास झाली, तर सुमारे १,९०० किलोंची ही गाडी भंगारात पन्नास-साठ हजारांची ठरेल.

दीड-दोन वर्षांत मुलगी बारावी होऊन पुढील प्रवेशाला येईल. तिच्यासाठी ५ लाख आणि सहा महिन्यांच्या घरखर्चासाठी ३ लाख या ठेवींना हात लावू नये. उरतात ६ लाख. वरचे दोन लाख वजा केले, तर आज गाडीची किंमत म्हणून आपण चार लाख देऊ शकता. विक्रेत्यास हे मान्य होणार नाही, याची मला कल्पना आहे. केवळ शेतावर जाण्यासाठी दणकट गाडी हवी असेल, तर मराठवाड्यातच वापरलेली, एका हातची स्कॉर्पिओ किंवा इनोव्हा पाहावी. तिचे सुटे भाग अंबाजोगाईत मिळतात आणि उद्या विकायची झाली तर गिऱ्हाईक आठवड्यात मिळते.

पण आपल्या पत्रात या गाडीच्या हौसेविषयी ‘महाविद्यालयात असल्यापासून’ असे शब्द आहेत, आणि ते मी दुर्लक्षित करणार नाही. हौसेला हिशोबात जागा असते, ती फक्त मुलीच्या फीमधून काढू नये. महिन्याच्या शिल्लकेतून २० हजार निराळ्या आवर्ती ठेवीत टाकले, तर दोन वर्षांत ४ लाख ८० हजार मुद्दल जमते; मुलीचा प्रवेश मार्गी लागलेला असेल आणि त्या वेळी वरचे सहा लाख मिळवून सुमारे पावणेअकरा लाखांच्या आत, सर्व खर्चासह, अशीच पण खालून स्वच्छ असलेली गाडी शोधता येईल. त्या गाडीचा जपानी रेडिओ बहुधा ९० मेगाहर्ट्झवर थांबेल आणि आपले बरेचसे एफएम त्याच्या पुढे असेल, तेवढे मात्र सोसावे लागेल.

मुंबईस जाण्याचे ठरलेच असेल, तर इसार न देता जावे. विक्रेत्यास आधी कळवावे की गाडी धुऊ नये, खालून पुन्हा काही फवारू नये आणि रॅम्पवर घेण्यास त्याची तयारी असावी. तो रॅम्पला नकार देत असेल, तर अंबाजोगाईहून निघूच नये.