मन खातं, तेव्हा इंग्रजीत काय होतं?

प्रश्न : 'रिग्रेट' आणि 'रिमोर्स' या दोन्ही शब्दांना माझ्या कोशात 'पश्चात्ताप' असाच अर्थ दिला आहे. मग फरक काय? 'आय रिमोर्स माय मिस्टेक' चालेल का?

उत्तर : शेवटचं आधी. नाही चालणार. आजच्या इंग्रजीत रिमोर्स हे फक्त नाम आहे. 'आय फील रिमोर्स फॉर...' असं म्हणायचं, आणि त्याच्याआधी 'अ' लावायचा नाही. रिग्रेट मात्र नामही आहे आणि क्रियापदही.

आता फरक. रिग्रेटला अपराध लागत नाही. पोहायला शिकायचं राहिलं, निघालेल्या माणसाला शेवटचं भेटता आलं नाही, सगळं त्यात बसतं. आपण त्यालाच हळहळ, चुटपुट, रुखरुख, खंत म्हणतो. रिमोर्ससाठी आपल्या हातून काहीतरी वाईट घडलेलं असावं लागतं, बहुधा दुसऱ्याचं. ('बायर्स रिमोर्स' हा अपवाद. खरेदीनंतरच्या त्या चुटपुटीत नुकसान झालेलं असतं ते आपल्याच पाकिटाचं.)

हा फरक मी फजिती होऊन शिकले. भाषांतराची कामं नुकती घेऊ लागले होते. एका नकारपत्रातल्या 'वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू'चं मी 'आपणांस कळविताना आम्हांस पश्चात्ताप होत आहे' असं केलं. अर्ज नाकारल्याचा पश्चात्ताप! तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहिलं, 'मग नाकारता कशाला?' तिथे 'कळविण्यास खेद वाटतो' पुरे होतं.

रिमोर्सचं मूळ लॅटिन 'रेमोर्देरे'. 'रे' म्हणजे पुन्हा, 'मोर्देरे' म्हणजे चावणं. घासाला इंग्रजीत 'मॉर्सल' म्हणतात, तोही याच दातांचा. 1340 साली कँटरबरीच्या एका मठवासीयाने फ्रेंच ग्रंथ केंटच्या बोलीत आणला, तेव्हा लॅटिनचा आधार सोडून त्याने नाव ठेवलं 'अयेनबाइट ऑफ इनविट' : सदसद्विवेकाचा पुन्हा पुन्हा चावा. मला तर तो आपल्यातलाच वाटतो. 'माझं मन मला खातंय' याहून आपण वेगळं काय म्हणतो? पश्चात्तापात मागाहून होणारा ताप आहे, दात नाहीत. म्हणून कथा-कादंबरीत मी रिमोर्ससाठी आधी 'मन खाणं' किंवा 'टोचणी' लावून बघते.

एक खाचखळगा. रिमोर्सचा जुना अर्थ दया असाही होता आणि तो 'रिमोर्सलेस'मध्ये टिकून आहे. 'रिमोर्सलेस हीट' दिसली तर उन्हाला पश्चात्ताप नाही असं लिहू नका. ऊन निर्दय आहे.