जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीतून मुलीसाठी एखादा जीवाश्म घरी आणता येईल का?

नाही. तिथून काहीही उचलायला बंदी आहे. पण समजा गुपचूप खिशात घातलात, तरी तो टिकणार नाही. नऊ वर्षांच्या मुलीला नियमापेक्षा हे कारण लवकर पटेल.

तिथला काळपट दगड म्हणजे ऑइल शेल, ज्यातून तेल काढता येतं असा पापुद्र्यांचा दगड, आणि त्यात जवळजवळ ४० टक्के पाणी असतं. हवा लागून सुकला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतल्या माशाचा चुरा होतो. म्हणून उत्खनन करणारे सापडलेला तुकडा आधी ओला ठेवतात. मग एक बाजू साफ करून तिच्यावर रेझिन (राळेसारखा, घट्ट होणारा द्रव) ओततात आणि ते घट्ट झालं की पालथं करून मागचा सगळा दगड कोरून काढतात. म्हणजे संग्रहालयात दिसतात ती हाडं खरी, पण ज्या पिवळसर लादीत ती बसलेली दिसतात ती माणसाने ओतलेली! पहिल्या भेटीत मी त्या लादीलाच दगड समजून निरखत बसलो होतो.

सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीच्या विवरात खोल तळं होतं. (आपल्या सह्याद्रीचा कातळ त्याच्याही पावणेदोन-दोन कोटी वर्षं आधीचा.) तळाशी प्राणवायू नाही, त्यामुळे बुडालेलं शरीर कुजून विस्कटलं नाही. पोटात पिल्लू असलेली कुत्र्याएवढी घोडी सापडली, रंग न उडालेले भुंगे सापडले. समागमाच्या वेळीच मेलेल्या कासवांच्या जोड्याही सापडल्या. ते मुलीला कसं सांगायचं ते तुम्ही बघा.

या खड्ड्याचा कचरा डेपो होणार होता, हे मात्र तिला जरूर सांगा. तेलासाठी चाललेलं खाणकाम १९७१ च्या सुमारास थांबलं आणि सरकारला रिकामा खड्डा दिसला. आसपासचे लोक आणि संशोधक वर्षानुवर्षं भांडले. शेवटी १९९१ मध्ये हेसे राज्याने खाण विकत घेतली आणि १९९५ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली.

जाताना क्रम असा ठेवा: आधी फ्रँकफर्टचं झेंकनबर्ग संग्रहालय (मेसेलचे जीवाश्म तिथे बघायला मिळतात), मग डार्मश्टाटजवळची खाण. उलट केलंत तर मुलीला नुसता झुडपं वाढलेला खड्डा दिसेल. वरच्या सज्जातून खाण कोणालाही पाहता येते, खाली मात्र मार्गदर्शकाबरोबरच सोडतात, तेव्हा आधी बुकिंग करा. आणि बूट घाला, चपला नकोत.