एक्सेलमध्ये दुसऱ्या फाईलींच्या लिंक अपडेट व्हायला फार वेळ लागतो. काय करावं?

तुमची मांडणी बहुधा अशी असेल: शाखांच्या फाईली ऑफिसच्या सर्व्हरवर, महिन्याचा गोषवारा तुमच्या कॉम्प्युटरवर, आणि ‘अपडेट’ दाबलं की एक्सेल कितीतरी मिनिटं गोठून बसतं. बहुतेक वेळा दोष लिंकांच्या संख्येचा नसतो. लिंकमधून काय ओढून आणताय, त्यावर सगळं ठरतं.

आधी नेटवर्कचा संशय मिटवा. गोषवारा आणि शाखांच्या फाईली यांच्या प्रती स्वतःच्या डिस्कवर एका फोल्डरात घ्या. गोषवाऱ्याच्या प्रतीत ‘डेटा’ टॅबवरच्या ‘एडिट लिंक्स’मध्ये जा (मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नव्या आवृत्त्यांत ‘वर्कबुक लिंक्स’) आणि ‘चेंज सोर्स’ने प्रत्येक लिंक त्या प्रतींकडे वळवा. आता अपडेट झटकन झालं तर अडचण सर्व्हरची किंवा व्हीपीएनची (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या दुव्याची). तरीही रखडलं तर फॉर्म्युल्यांची.

तिथेच ‘चेक स्टेटस’ही दाबून पाहा. जुन्या, बंद झालेल्या सर्व्हरचा पत्ता असलेली एखादी लिंक उरली असेल, तर विंडोज तो सर्व्हर शोधत ताटकळतं आणि तुम्हाला वाटतं एक्सेल अडकलं. अशा लिंका शोधायला कंट्रोल+एफ दाबा, ‘विदिन’मध्ये वर्कबुक व ‘लुक इन’मध्ये फॉर्म्युलाज निवडा आणि फक्त उघडणारा चौकटी कंस [ शोधा. सेलमध्ये काही सापडलं नाही तर कंट्रोल+एफ३ ने नेम मॅनेजर (सेलांना दिलेल्या नावांची यादी) उघडा. लिंक तिथे, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये, डेटा व्हॅलिडेशनच्या यादीत किंवा चार्टच्या सिरीजमध्ये दडलेली असते. ‘ब्रेक लिंक’ दाबूनही जी जात नाही, ती याच जागांपैकी कुठेतरी असते.

आता फॉर्म्युले. बंद फाईलमधल्या एका सेलकडे बोट दाखवणारी साधी लिंक स्वस्त असते. महाग पडतो तो बंद फाईलवर पूर्ण रकाने देऊन लावलेला व्हीलुकअप (यादीत शोधून जुळणारी नोंद आणणारं फंक्शन). एका रकान्यात १०,४८,५७६ ओळी असतात; त्यांतल्या जेवढ्या भरलेल्या असतील तेवढ्यांच्या किमती (व्हॅल्यू) एक्सेल तुमच्याच फाईलच्या पोटात साठवतं. खात्री करायची असेल तर गोषवाऱ्याच्या प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि आतल्या ‘एक्सएल’ फोल्डरमधल्या ‘एक्स्टर्नललिंक्स’ फोल्डरचा आकार बघा. फुगलेला दिसला तर चोर सापडला. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये ‘सेव्ह एक्स्टर्नल लिंक व्हॅल्यूज’ची खूण काढली की फाईल हलकी होते, पण मग जुन्या किमती हाताशी राहत नाहीत आणि मूळ फाईलींकडे जावंच लागतं. सर्व्हर संथ असेल तर हा उपाय उलटा पडतो.

खरा इलाज एकच: हिशोब शाखेच्या फाईलमध्येच करा, लिंकमधून फक्त उत्तर आणा. प्रत्येक शाखेच्या फाईलला ‘गोषवारा’ नावाची एक छोटी शीट जोडा, सम-इफ्स (अटीनुसार बेरीज) वगैरे तिथे लावा आणि तिथल्या वीस-तीस सेलांनाच लिंक द्या. यात दुसराही फायदा आहे. सम-इफ, काउंट-इफ (अटीनुसार मोजणी) आणि इनडायरेक्ट (मजकुरात लिहिलेल्या पत्त्यावरून सेल गाठणारं) ही फंक्शनं बंद फाईलवर चालतच नाहीत. पहिली दोन ‘व्हॅल्यू’ची आणि तिसरं ‘रेफ’ची एरर देतं. इनडायरेक्ट तर कुठलाही सेल बदलला तरी पुन्हा मोजलं जातं, त्यामुळे ते शक्यतो टाळाच.

लिंक द्यायच्या सेलांना मात्र नावं द्या. तुमची गोषवाऱ्याची फाईल बंद असताना शाखेतल्या कुणी वर एक ओळ घातली, तर सी१२ ला दिलेली लिंक सी१२ वरच राहते आणि बेरजेऐवजी भलताच आकडा येतो. एरर येत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. ‘एकूण_विक्री’ असं नाव दिलेला सेल सरकला तरी नाव त्याच्यासोबत सरकतं. फॉर्म्युल्यात फाईलचं नाव, उद्गारचिन्ह आणि मग ते नाव, एवढंच लिहायचं.

अपडेटच्या दिवशी आधी मूळ फाईली उघडा, गोषवारा शेवटी. उघड्या फाईलीतून आकडे मेमरीतून येतात, डिस्कवर हेलपाटे पडत नाहीत. साखळी असेल, म्हणजे तालुका, जिल्हा आणि विभाग अशी, तर हा क्रम सक्तीचा समजा. जिल्ह्याची फाईल बंद असेल तर विभागाला तिची शेवटची सेव्ह केलेली किंमत मिळते. तालुक्यातला नवा आकडा मधेच अडकतो. ‘एडिट लिंक्स’मधल्या ‘स्टार्टअप प्रॉम्प्ट’मध्ये ‘विचारू नका, अपडेटही करू नका’ हा पर्याय ठेवा. मग फाईल लगेच उघडते आणि ‘अपडेट व्हॅल्यूज’ तुमच्या सोयीने दाबता येतं.

शाखांकडून बेरजा नकोत, हजारो ओळीच हव्या असतील तर लिंकांचा नाद सोडा आणि पॉवर क्वेरी (फाईलींतला डेटा गोळा करणारं साधन) घ्या. २०१६ पासून ती एक्सेलमध्येच आहे. शाखेच्या डेटाला कंट्रोल+टी ने टेबल करा, रकान्यांची नावं सगळीकडे तंतोतंत सारखी ठेवा, सगळ्या फाईली एका फोल्डरात टाका आणि ‘गेट डेटा’मधून ‘फ्रॉम फोल्डर’ निवडा. नको असलेले रकाने पहिल्याच पायऱ्यांत काढून टाका. सेटिंग बदललं नसेल तर क्वेरी आपोआप ताजी होत नाही, ‘रिफ्रेश ऑल’ दाबावं लागतं, आणि तीही शेवटचं सेव्ह झालेलंच वाचते.

‘ब्रेक लिंक’ दाबण्याआधी फाईलची प्रत काढून ठेवा. फॉर्म्युल्यांच्या जागी आकडे बसतात आणि कंट्रोल+झेडने ते परत येत नाहीत.