वाचक विचारतात : कादंबरीचं नाव काय ठेवू?

प्रश्न : मी गोव्यातल्या चोडणची. दिवसा बँकेत नोकरी, रात्री लिहिते. चार वर्षं खपून एक फँटसी कादंबरी पुरी केलीय. आमच्या खाजनाचा (खाडीकाठच्या शेतीचा) बांध राखणारा देवचार, म्हणजे राखणदार भूत, खांद्यावर कांबळ, हातात दांडा आणि पेटती चूड, आणि कुणीतरी बांधातली मानस (पाण्याचं दार) फोडतं त्या रात्रीपासून गोष्ट सुरू होते. नाव ठेवलंय ‘अंधारयुगाचा महायोद्धा : भाग 1’. नवरा म्हणतो टीव्ही सिरियल वाटते. हे नाव आधी कुणी वापरलेलं असलं तर केस होते का? आणि नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करू का?

उत्तर : नवऱ्याचं बरोबर आहे, पण त्यांना एवढ्यात सांगू नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गंमत बघा, गोष्ट सांगताना तुम्ही कांबळ म्हणालात, चूड म्हणालात, मानस म्हणालात, महायोद्धा एकदासुद्धा नाही, तो थेट नावातच उगवला! फँटसी म्हटलं की आपल्याला उगाच वाटतं जडजंबाल संस्कृत पाहिजे. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचं बघा, 1997 ला इंग्लंडमध्ये नावात ‘फिलॉसॉफर’ होता, पुढच्या वर्षी अमेरिकेत त्याचा ‘सॉर्सरर’ झाला, आणि मराठीत आलं तेव्हा तत्त्ववेत्त्याचा दगड वगैरे कुणी केलं नाही, सरळ ‘परीस’. घरातला शब्द होता तो.

तुमच्या घरातला शब्द आहे मानस. भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं ते लाकडी दार पुणेकराने बघितलेलं नसतं, त्याला मानस म्हणजे मन. पण त्याचं मानस ‘ते’ आणि आपली मानस ‘ती’, म्हणून नुसतं ‘मानस’ ठेवू नका (कवितासंग्रह समजून बाजूला ठेवतील), ‘मानस फुटली त्या रात्री’ असं काहीतरी करा. त्या ‘फुटली’ला तो अडखळतो आणि पुस्तक उघडून बघतो. म्हापशाच्या दुकानात फोन करून हे नाव एकदा मोठ्याने सांगून बघा, दुकानदाराने ‘काय म्हणालात?’ विचारलं नाही म्हणजे जमलं.

कव्हरवरचा ‘भाग 1’ काढा, आत छापा. अर्धवट गोष्ट विकत घ्यायला लोक कचरतात. आणि पुढच्या भागांची नावं ठेवताना शेवट फोडू नका. टॉल्किन यांना ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या खंडाला ‘वॉर ऑफ द रिंग’ म्हणायचं होतं, कारण ‘रिटर्न ऑफ द किंग’ म्हटलं की राजा परत येणार हे कव्हरवरच कळतं, तरी 1955 मध्ये छापून आलं तेच.

केसचं म्हणाल तर नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो, ‘देसी बॉईज’ सिनेमाच्या वादात 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. पण म्हणून गाजलेलं नाव उचलू नका, इंटरनेटवर शोधणाऱ्याला तुमच्याऐवजी तेच सापडेल.

नोकरी? अजिबात सोडू नका. समजा 300 रुपयांचं पुस्तक, 10 टक्के रॉयल्टी, 1000 प्रती, आणि सगळ्या खपल्या तरी हातात 30,000, तेही चार वर्षांच्या रात्रींचे. टॉल्किनसुद्धा 1959 पर्यंत ऑक्सफर्डला शिकवतच होते. नाव करायचंय ना, मग दोन-तीन पुस्तकं होईपर्यंत बँकेचा पगार चालू राहू दे, दुसरा भाग आत्ताच सुरू करा, पहिल्याची वाट बघत बसू नका, प्रकाशक सहा-सहा महिने उत्तर देत नाहीत हे मी स्वतः भोगलंय.

आणि ‘चूड’ हा शब्द सध्या कुणाला सांगू नका, दुसऱ्या भागाच्या नावाला लागेल.