भावाला सिकलसेल, मुलीला नर्स व्हायचंय

नवापूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. धाकटा मुलगा अकरा वर्षांचा, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा ‘एसएस’ रुग्ण, म्हणजे आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलेला. मोठी मुलगी ‘एएस’, म्हणजे एकच सदोष जनुक असलेली वाहक. ती बायोलॉजी घेऊन बारावीत आहे आणि रक्ताच्या आजारांच्या पेशंटसाठीच नर्स व्हायचं म्हणते. वडील विचारतात: वाहक असताना तिला हे काम झेपेल का? यासाठी वेगळा कोर्स आहे का? आणि घरातलंच दुखणं रोज वॉर्डात बघून पोर खचणार तर नाही?

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाची काळजी सोडा. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. एएस असलेली माणसं शेतात राबतात, नाईट ड्युट्या करतात. उन्हातान्हात आणि लांबलेल्या ड्युटीत तिनं पाणी पीत राहावं. कॉलेजच्या वैद्यकीय तपासणीत मात्र हे लपवू नका. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

कोर्सबद्दल माझं स्पष्ट मत आहे: आत्ताच ‘रक्तविकारांचा कोर्स’ शोधू नका. आधी ती पक्की नर्स होऊ दे. बायोलॉजी आहे तर चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग हे पहिलं लक्ष्य ठेवा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं आणि राज्याच्या सीईटी कक्षाची नर्सिंगची परीक्षा द्यावी लागते. तिथे नाही जमलं तर तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा आहे, त्यानंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद या दोन्हींची मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी बघा. राखीव जागेवर प्रवेश घेणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आजच करा. त्या एका कागदापायी प्रवेश अडकलेली मुलं मी दरवर्षी बघते. नोकरीची वर्ष-दोन वर्षं झाल्यावर कर्करोग परिचर्येचा एक वर्षाचा डिप्लोमा किंवा एम.एस्सी. करता येईल. रक्ताच्या कर्करोगाचे पेशंट, केमोथेरपी, बोन मॅरो प्रत्यारोपण हे सगळं तिथे शिकायला मिळतं.

आता ते काम प्रत्यक्षात कसं असतं ते सांगते, कारण मुलीनं हे समजूनच ठरवायला हवं.

थॅलेसेमियात शरीर पुरेसं हिमोग्लोबिन बनवत नाही, म्हणून त्याच्या गंभीर प्रकारात मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवतात, जन्मभर. पिशवी लावण्याआधी पेशंटचं नाव, रक्तगट, पिशवीचा नंबर आणि मुदत दोघांनी मिळून ताडून बघायची. शंभराव्या वेळीही पहिल्या वेळेसारखीच. पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही. थंडी वाजली, अंगावर गांधी उठल्या, कंबर दुखतेय म्हणाला, तर आधी रक्त बंद करायचं आणि मग डॉक्टरांना हाक मारायची. त्या नळीतून सलाईनशिवाय दुसरं काही सोडायचं नाही आणि पिशवी चार तासांच्या आत संपवायची. वारंवार रक्त दिल्यानं लोह हृदयात आणि यकृतात साठतं. ते काढायची औषधं रोज घ्यायची असतात, आणि चौदा-पंधराव्या वर्षी मुलं त्यांना कंटाळतात. त्या वयाच्या मुलाशी न रागावता बोलता येणं हे शीर सापडण्याइतकंच मोठं कौशल्य आहे.

हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारात, नियम वेगळे. स्नायूत इंजेक्शन टाळायचं, सुई काढल्यावर बराच वेळ दाबून धरायचं, दुखतं म्हणून ॲस्पिरिन द्यायची नाही. सांधा सुजण्याआधीच मूल ‘आत मुंग्या येतायत’ असं सांगतं. ते ऐकून फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं कमी असलेलं प्रथिन, लवकर दिला तर सांधा वाचतो.

सिकलसेलचं दुखणं तुम्ही घरात बघताच. वाकड्या पेशींनी बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडं ठणकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून अशा मुलांना ‘नाटक करतोय’ हे शब्द ऐकावे लागतात. याचा मला फार त्रास होतो. दुखतंय म्हटल्यावर विश्वास ठेवणारी, वेळेवर वेदनाशामक देणारी, पाणी पाजणारी, अंग गरम ठेवणारी आणि ताप किंवा धाप दिसताच डॉक्टरांना उठवणारी सिस्टर या मुलांना हवी असते. तुमची मुलगी हे कोर्सला जाण्याआधीच शिकली आहे.

आणखी एक गोष्ट तिच्याकडे आहे: ती मावची, म्हणजे तुमच्या भागातली आदिवासी बोली बोलते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. पण रिपोर्ट हातात पडल्यावर ‘वाहक’ म्हणजे काय, दोन वाहकांच्या प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारात एक का, हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध बरं वाटतंय म्हणून बंद का करायचं नाही, हे घरच्या भाषेत कोण सांगणार? बी.एस्सी. नर्सिंगनंतर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तुमच्याच भागातल्या उपकेंद्रावर काम करायची वाटही खुली होते.

खचेल का? कधीकधी खचेल. भावाच्या वयाचं मूल कॉटवर बघून पाय थबकतील. त्यासाठी दोन गोष्टी करा. पहिली नोकरी जनरल मेडिसिन किंवा आयसीयूत घेऊ द्या, हात बसू द्या, मग या वॉर्डात येऊ द्या. आणि घरी तिला भावाची नर्स करू नका. त्याच्या गोळ्या, त्याची तारीख तुम्ही आणि तिच्या आईनं सांभाळा. सुट्टीत आली की तिला त्याची ताईच राहू दे.

तुमच्या दीड पानी पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. भावाला ॲडमिट केलं होतं तेव्हा कोणत्या सिस्टरचं कोणतं काम तिच्या लक्षात राहिलं, एवढंच तिनं लिहिलं तरी मला पुढचं सांगता येईल.