वाचकांचे प्रश्न : डिस्क, कंट्रोलर आणि त्यांची गाठ घालणारे ड्रायव्हर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत. संगणकाला डिस्क जोडली म्हणजे आत नेमके काय होते आणि जोडूनही ती दिसत नसेल तर अडते कुठे, हा तो विषय. ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (सांगली, अभियांत्रिकीचा विद्यार्थी) : माझ्या डेस्कटॉपमध्ये साधी साटा हार्ड डिस्क आहे. लिनक्स सुरू होताना पडद्यावर ज्या ओळी सरकत जातात, त्यांत या डिस्कपुढे ‘स्कझी २:०:०:०’ असे येते आणि निर्मात्याच्या नावाच्या जागी नुसते ‘एटीए’ असते. स्कझी ही सर्व्हरमधली जुनी जोडणी, असे आम्हाला शिकवले आहे. मग माझ्या डिस्कला हे नाव कसे? आणि कंट्रोलरचा ड्रायव्हर व डिस्कचा ड्रायव्हर हे एकच असतात की वेगळे?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे. ड्रायव्हर म्हणजे एखादे उपकरण चालवणारा प्रोग्राम आणि कंट्रोलर म्हणजे डिस्कशी बोलणारी चिप. हे ड्रायव्हर दोन असतात आणि दोघांची कामे अगदी वेगळी असतात. कंट्रोलरच्या ड्रायव्हरला आपल्या चिपची खडान्‌खडा माहिती असते, म्हणजे कोणत्या रजिस्टरमध्ये काय लिहिले की तारेतून आज्ञा बाहेर पडते आणि उत्तर आल्यावर येणारा इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारा संकेत, कसा ओळखायचा, हे तो जाणतो. परंतु त्या डिस्कवर विभाग (पार्टिशन) किती आहेत आणि त्यांत काय साठवले आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. उलट डिस्कच्या ड्रायव्हरला डिस्क म्हणजे काय हे ठाऊक असते, तिचे सेक्टर, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, क्रमांकाने मागता येतात आणि तिची क्षमता तिलाच विचारता येते हे त्याला कळते. पण त्या सेक्टरपर्यंत जायची वाट साटाची आहे, यूएसबीची आहे की फायबर चॅनेलची, हे त्याला माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नसते. या दोघांची गाठ मधला थर घालून देतो. लिनक्समध्ये त्याला स्कझी मिड-लेयर म्हणतात. विंडोजमध्ये त्या जागी स्टोरपोर्ट असतो, त्याच्या वर डिस्कचा क्लास ड्रायव्हर आणि खाली त्या त्या कंट्रोलरचा मिनीपोर्ट.

आता आपल्या डेस्कटॉपमध्ये काय घडते ते पाहू. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी पीसीआय बसवरच्या (मदरबोर्डवरची उपकरणे जोडणाऱ्या वाटेवरच्या) प्रत्येक उपकरणाला त्याचा वर्ग विचारतो. मदरबोर्डवरचा साटा कंट्रोलर ‘०१, ०६, ०१’ असे तीन अंक पुढे करतो : साठवणीचे उपकरण, साटा प्रकारचे, एएचसीआय पद्धतीने चालणारे. हे अंक ज्या ड्रायव्हरच्या यादीत आहेत, त्याला कर्नल बोलावतो, आणि ही झाली पहिली जुळणी. एएचसीआय ड्रायव्हर मग कंट्रोलरवर किती पोर्ट आहेत ते वाचतो आणि प्रत्येक पोर्ट मधल्या थराकडे एक स्वतंत्र ‘होस्ट’ म्हणून नोंदवतो. आपल्या ओळीतला पहिला २ हा त्या होस्टचा क्रमांक आहे. मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे आपली केबल बहुधा तिसऱ्या पोर्टमध्ये असावी. पुढचे तीन अंक चॅनेल, टार्गेट आणि लॉजिकल युनिट यांचे असून एका पोर्टला एकच डिस्क असल्यामुळे ते शून्य आहेत.

होस्टची नोंद झाली तरी डिस्क अजून कोणाच्या हाती लागलेली नसते. तिची चौकशी करताना मधला थर प्रत्येक नव्या उपकरणाला ‘इन्क्वायरी’ ही स्कझी आज्ञा देतो आणि ३६ बाइटच्या उत्तराची वाट पाहतो. त्या उत्तराच्या पहिल्या बाइटमध्ये उपकरणाचा प्रकार असतो, पुढे ८ बाइट निर्मात्याच्या नावासाठी, १६ बाइट मॉडेलसाठी आणि ४ बाइट आवृत्तीसाठी राखलेले असतात. साटा डिस्कला ही भाषा येत नाही. तिला एटीएची ‘आयडेंटिफाय’ आज्ञा कळते आणि तिचे उत्तर असते ५१२ बाइटचे. इथे लिबएटीए हा कर्नलमधला भाग दुभाष्याचे काम करतो. तो आधी डिस्कला तिच्या भाषेत विचारून घेतो आणि मग मधल्या थराला हवे असलेले ३६ बाइट स्वतः भरून देतो. एटीएच्या उत्तरात निर्मात्यासाठी वेगळी जागाच नसते, मॉडेलच्या ४० अक्षरांतच सारे आलेले असते. म्हणून लिबएटीए त्या ८ बाइटमध्ये ‘एटीए’ ही तीन अक्षरे आणि पुढे पाच मोकळ्या जागा लिहून मोकळा होतो. आपल्या पडद्यावर दिसले ते हेच. मॉडेलचे नाव १६ अक्षरांवर कापलेले दिसत असेल, तर त्याचेही कारण हेच आहे.

यानंतर दुसरी जुळणी होते. उत्तरातला प्रकार ० असेल तर ‘एसडी’ हा डिस्कचा ड्रायव्हर पुढे येतो, ५ असेल तर डीव्हीडीचा ‘एसआर’ आणि १ असेल तर टेपचा ‘एसटी’. एसडी क्षमता विचारून घेतो, डिस्कला ‘एसडीए’सारखे नाव मिळते आणि मग तिच्यावरचे विभाग वाचले जातात. पहिली जुळणी पीसीआय बसवर होते आणि दुसरी कर्नलने मानलेल्या स्कझी बसवर, एवढे लक्षात ठेवले तर ‘डिस्क दिसत नाही’ या तक्रारीत नेमके काय तपासायचे ते आपोआप कळते. कंट्रोलर सापडला आहे का, त्याला ड्रायव्हर मिळाला आहे का, होस्ट तयार झाला आहे का, उपकरणाने उत्तर दिले आहे का, या क्रमाने पाहत गेले की गाडी कुठे थांबली ते सापडते.

स्कझीच का, हा आपला पहिला प्रश्न उरला. स्कझीचे प्रमाण अमेरिकेत १९८६ साली ठरले आणि त्याची खरी ताकद जाड केबलमध्ये नसून आज्ञांच्या व्यवस्थित भाषेत होती. केबल मागे पडली आणि भाषा टिकली. पेन ड्राइव्हदेखील यूएसबीवरून स्कझीच्याच आज्ञा स्वीकारतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक आज्ञा ३१ बाइटच्या पाकिटात घालून पाठवली जाते आणि १३ बाइटची पोचपावती परत येते. लिनक्समध्ये पूर्वी आयडीई (साटाच्या आधीची जोडणी) डिस्कसाठी वेगळी व्यवस्था होती आणि त्या डिस्कचे नाव ‘एचडीए’ असे येई. ती व्यवस्था २०२१ मध्ये कर्नलच्या ५.१४ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता, कारण चुका दुरुस्त करण्याची यंत्रणा दोन ठिकाणी सांभाळण्यापेक्षा एका ठिकाणी नीट सांभाळलेली बरी. ही यंत्रणाही मधल्या थरातच आहे. डिस्कने साधारणपणे ३० सेकंदांत उत्तर दिले नाही तर तो आधी आज्ञा रद्द करून पाहतो, मग उपकरण रीसेट करतो, मग अख्खा होस्ट, आणि तरीही दाद लागली नाही तर डिस्कला ‘ऑफलाइन’ ठरवून बाजूला करतो. खराब होत चाललेल्या डिस्कमुळे संगणक मधूनमधून अर्धा-अर्धा मिनिट गोठतो, तो याच वेळी.

प्रश्न (पुणे) : माझ्याकडे ४ टीबीची बाहेरून जोडायची यूएसबी डिस्क होती. तिच्या डबीचे सॉकेट तुटले, म्हणून आतली डिस्क काढून थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला लावली. क्षमता बरोबर दिसते, पण डिस्क कोरी असल्याचे सांगून संगणक फॉरमॅट करू का, असे विचारतो. सर्व छायाचित्रे त्यात आहेत. माहिती गेली का?

उत्तर : कृपया फॉरमॅटला होकार देऊ नका. डिस्क पूर्ण क्षमतेने दिसते आहे, म्हणजे ती जिवंत आहे, आणि आपण सांगता त्यावरून आपली छायाचित्रे जागच्या जागी असण्याची शक्यता मोठी आहे.

डबीतली छोटी पट्टी हा नुसता कनेक्टर नसतो, तो साटा आणि यूएसबी यांच्यामधला दुभाष्या असतो. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्क बाजारात आल्या, तेव्हा विंडोज एक्सपीसारख्या जुन्या प्रणालींना त्या पेलत नव्हत्या, कारण जुन्या विभाग-तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो आणि ५१२ बाइटच्या सेक्टरने तो २ टीबीच्या आसपास संपतो. म्हणून अनेक डब्यांतल्या पट्ट्या संगणकाला सांगू लागल्या की या डिस्कचा सेक्टर ४०९६ बाइटचा आहे. त्यामुळे मर्यादा आठपट वाढली आणि काम भागले. मात्र विभागांचे पत्ते डिस्कवर बाइटमध्ये लिहिलेले नसतात, सेक्टरच्या क्रमांकात लिहिलेले असतात. समजा तक्त्यात ‘विभाग २५६व्या सेक्टरपासून सुरू’ असे लिहिले आहे. डबीच्या हिशोबाने ती जागा बरोबर १ एमबीवर येते, तर थेट साटाने जोडल्यावर संगणक तीच जागा १२८ केबीवर शोधतो आणि तिथे त्याला काहीच सापडत नाही. नव्या जीपीटी पद्धतीचा तक्ता असेल तर तो सापडतच नाही, कारण त्याचे शीर्षक क्रमांक १च्या सेक्टरवर असते, आणि सेक्टर केवढा मानायचा याबद्दल दोघांत एकमत राहिलेले नसते.

सोपा उपाय म्हणजे त्याच मॉडेलची चालू डबी मिळवून डिस्क तिच्यात बसवणे आणि माहिती दुसरीकडे उतरवून घेणे. एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो : काही डब्यांतल्या पट्ट्या सर्व माहिती गुप्तलेखनात साठवतात, मग आपण पासवर्ड ठेवलेला असो वा नसो, आणि अशा वेळी मूळ पट्टीशिवाय काही वाचता येत नाही. म्हणून तुटलेल्या सॉकेटची पट्टी फेकू नका. चांगला कारागीर ते सॉकेट नव्याने डाग देऊन बसवू शकतो.

प्रश्न (नाशिक) : नवीन लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकायला गेलो, तर इन्स्टॉलरमध्ये एकही ड्राइव्ह दिसला नाही. दुकानदार म्हणतात एसएसडी बदलावी लागेल. बायोसमध्ये मात्र एसएसडीचे नाव स्पष्ट दिसते.

उत्तर : एसएसडी बदलण्याची घाई करू नका. बायोसमध्ये ती दिसते याचा अर्थ ती उत्तर देते आहे. अडले आहे ते वर पहिल्या पत्राच्या उत्तरात सांगितलेल्या पहिल्या जुळणीत, म्हणजे कंट्रोलरला ड्रायव्हर मिळण्यात. एनव्हीएमई एसएसडीचा कंट्रोलर तिच्या स्वतःच्याच अंगात असतो आणि ती थेट पीसीआय एक्सप्रेसवर बसते, त्यामुळे एरवी विंडोजमधला तयार ड्रायव्हर तिला लगेच ओळखतो. (ही जोडणी वेगवान असण्याचे एक कारण जाता जाता सांगतो : एएचसीआयमध्ये एका पोर्टला ३२ आज्ञांची एकच रांग असते, एनव्हीएमईमध्ये ६५ हजारांहून अधिक रांगांची सोय आहे.) परंतु इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय कारखान्यातूनच चालू करून येते. तिच्यामुळे एसएसडी या व्हीएमडी कंट्रोलरच्या आड जाते आणि इन्स्टॉलरला पीसीआय बसवर दिसतो तो फक्त हा कंट्रोलर. त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नसला की पुढची सगळी साखळी तिथेच थांबते.

लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, तो पेन ड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि इन्स्टॉलरमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ निवडून तो दाखवा; ड्राइव्ह यादीत आला पाहिजे. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणे हा दुसरा मार्ग आहे, पण तो विंडोज नव्याने टाकत असाल तरच वापरा. चालू विंडोज असताना हा बदल केला, तर सुरुवातीला लागणारा ड्रायव्हर बदलतो आणि ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा ७बी क्रमांकाचा निळा पडदा समोर येतो. जुन्या डेस्कटॉपवर आयडीईऐवजी एएचसीआय निवडल्यावर लोकांना जो निळा पडदा दिसे, तो हाच. शिवाय बिटलॉकर, म्हणजे विंडोजची गुप्तलेखनाची सोय, चालू असेल तर रिकव्हरी की मागितली जाईल, ती आधी हाताशी ठेवावी.

प्रश्न (डोंबिवली) : दुसरी डिस्क बसवल्यापासून माझ्या लिनक्समधली जुनी ‘एसडीए’ कधी ‘एसडीए’ असते, कधी ‘एसडीबी’. बॅकअपची स्क्रिप्ट एकदा चुकीच्या डिस्कवर चालली. हा दोष कसला?

उत्तर : हा दोष नाही. ही नावे डिस्कवर लिहिलेली नसतात, ज्या क्रमाने डिस्क सापडतात त्या क्रमाने ती वाटली जातात, आणि अनेक डिस्कची चौकशी एकाच वेळी चालू असल्यामुळे तो क्रम दर वेळी तोच राहील याची हमी कोणी देत नाही. स्क्रिप्टमध्ये फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिच्यातच लिहिलेला ओळख-क्रमांक, लिहावा. मात्र आपण एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवली असेल, तर दोन्हींचा यूयूआयडी सारखाच असतो. तेव्हा ‘डिस्क/बाय-आयडी’ या फोल्डरमधले नाव वापरा. त्यात डिस्कचे मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. तोच अनुक्रमांक डिस्कच्या चिठ्ठीवरही छापलेला असतो, त्यामुळे कॅबिनेट उघडून कोणती डिस्क कोणती हे डोळ्यांनी पडताळून पाहता येते.